शिडी, खुर्ची आणि चिमटा

नव्वदच्या दशकात बारामतीच्या आमच्या गाण्याच्या पार्टीत मी गिटार वाजवायचो. स्वरांची नावं मला येत नव्हती. शेजारच्या गिटारवाल्या मित्राची बोटं बघून तसाच आकार धरायचो. एका आकाराला आम्ही शिडी म्हणायचो, दुसऱ्याला खुर्ची.

इंदापुरात मेहुणीच्या लग्नात सासरच्यांसमोर पहिल्यांदाच वाजवायचं होतं. गाणारीसाठी सूर वर न्यायला मित्रानं आपल्या गिटारीच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा लावला. माझं लक्षच नव्हतं. मी नेहमीसारखी शिडी धरली आणि सगळं बेसूर झालं.

आमच्या पार्टीतले पेटीवाले तात्या म्हणाले, "जावईबापू, शिडी बरोबर हाय, पण लावली दुसऱ्याच्या भिंतीला!"

मांडव हसला. चिमटा एकच होता, म्हणून तात्यांनी माझ्या गिटारीच्या मानेवर त्याच जागी, तारांवर रबरानं पेन्सिल आवळून बांधली. पुढचं गाणं सुरात लागलं. सासरे मात्र शेवटपर्यंत त्या पेन्सिलीकडंच बघत होते.