हरणांचा कर्दनकाळ

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मुंबईचे सिनेमावाले आमच्या मिरजगावकडच्या माळरानावर हरणांचा माहितीपट काढायला आले. हरणं त्यांना हवी तेवढी मिळाली, कमी पडला तो हरणांचा वैरी. माझ्या मिशा तेव्हा जरा बऱ्या होत्या. त्यांच्या साहेबांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हाच आपला शिकारी!"

मी मॅट्रिक पास, घराणं पिढीजात माळकरी. आमच्या चुलीनं अंडंसुद्धा कधी पाहिलं नाही. पण सिनेमात दिसायचं म्हटल्यावर माझी अक्कल चरायला गेली. त्यांनी माझा टेरिलिनचा शर्ट उतरवला, कुणाची तरी फाटकी बंडी चढवली, गळ्यातली तुळशीची माळ बंडीच्या आत कोंबली आणि हातात लाकडाची खोटी बंदूक दिली. आई ओरडत होती, "आरं, माळकऱ्यानं असली सोंगं करू न्हाईत." मी ऐकतोय कशाला!

पुढं माझं लग्न ठरलं. मुलगी राहुरीकडची, घर आमच्यासारखंच माळकरी. सुपारी फुटली आणि माहितीपट दाखवणारी सरकारी जीप नेमकी तिच्याच गावात जाऊन उभी राहिली. पडद्यावर मी, आणि वर भारदस्त आवाजात माझं वर्णन: अडाणी, निर्दय खेडूत, मुक्या जिवांचा काळ. ज्वारी आमची खाल्ली हरणांनी, आणि निर्दय मी!

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं भावी सासरे हजर. सोबत त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या. सासऱ्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"माळ काढून शिकारीला जानाऱ्याला आमी पोरगी देनार न्हाई."

"मामा, बंदूक लाकडाची हुती," मी म्हणालो.

"डोळ्यांनी पाह्यलंय आमी. सिनेमा खोटं कसं बोलंल?"

वडील माझ्याकडं असे बघत होते की बंदूक खोटी होती हेच माझं नशीब. खरं सांगतो, मुलगी बघून आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आता तर रडूच येऊ लागलं.

आत्यानं मात्र चहा घेतला. बशी खाली ठेवून ती भावाला म्हणाली, "राती तुझी पोरगी काय म्हनली, ठावं हाय का? म्हनली, आत्या, बंदूक कुदळीगत खांद्यावर टाकून चाललाय. आन नेम धरताना दोन्ही डोळं गच्च मिटल्यात. ह्यो कुनाला मारतोय?"

सगळे हसले, शेवटी सासरेही हसले. माझ्या मिशांची पार रया गेली, पण लग्न वाचलं. साऱ्या गावानं बंदूक पाहिली होती, तिनं तेवढे माझे डोळे पाहिले. त्याचा मला फार आनंद झाला आणि तितकीच लाजही वाटली.

लग्नानंतर ज्वारीत हरणं शिरली की मी गोफण घेऊन धावायचो. बायको बांधावरून ओरडायची, "आधी डोळं उघडा!" मी डोळे उघडून दगड भिरकावायचो. हरणं मान वर करून माझ्याकडं बघायची आणि पुन्हा कणसाला तोंड लावायची.