बावीस एमएम

तिचं नाव मी विचारलंच नाही. नाशिकच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात ती माझ्या शेजारी बसली होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि समोर दिसेल ते अंगठा-तर्जनीत धरून एक डोळा मिटून मोजत होती.

"अंबडच्या कारखान्यात पार्ट तपासते, पंधरा वर्षं," ती म्हणाली. "हा बाक डावीकडे दोन एमएम कलतोय."

बाक खरंच डुगडुगत होता.

माझ्या फाइलवर 'स्टेज दोन' लिहिलं होतं. चारातले दोन, म्हणजे मी निम्मी संपले, असं मी तिला सांगितलं. ती खळखळून हसली आणि फाइल मागून घेतली.

"ताई, तुम्ही किती उरलात ते हा आकडा सांगत नाही. गाठ कुठवर गेली ते सांगतो. तीन मापं असतात. गाठ केवढी? बावीस एमएम." तिने बोटांत तेवढी फट धरली, त्यात एक द्राक्ष मावलं असतं. "काखेत गेली? एका ग्रंथीत. हाडात, फुप्फुसात? नाही. म्हणून दोन. माझी स्टेज तीन होती. आता नुसती तपासणीला येते."

तिचा नंबर आला. उठताना म्हणाली, "न मोजता आम्ही कुठलाच पार्ट रिजेक्ट करत नाही."

ती पुन्हा भेटली नाही. परवा माझ्या चौथ्या केमोला त्याच बाकावर एक बाई फाइल उराशी धरून रडत होती. मी शेजारी बसले, अंगठा-तर्जनी पुढे केली आणि विचारलं, "केवढी आहे?"