रिकामी विषयओळ

आमच्या निवृत्त वार्ताहरांच्या ईमेल गटात महिनाभर एकच वाद चालला होता: विषयाच्या ओळीत आधी गाव लिहायचे की पत्राचा प्रकार. मंगळवारी साताऱ्याच्या देशमुखांचे पत्र आले. त्यात ती ओळ रिकामीच होती. खाली लिहिले होते, "बायकोला ओ निगेटिव्ह रक्त हवे आहे. कोणी आहे का?"

"देशमुख, विषय लिहा हो, नंतर पत्र शोधायचे कसे?" एकाने सुनावले.

"आधी गाव!"

"छे, आधी प्रकार!"

सतरा उत्तरे आली, त्यांत एक माझे. रक्ताबद्दल कोणीच लिहिले नाही. बातमीत महत्त्वाचे आधी, हे आम्ही आयुष्यभर नवोदितांना शिकवत आलो.

गुरुवारी देशमुखांनी पुन्हा लिहिले. या वेळी विषयाची ओळ भरलेली होती: "सातारा, निधन". गाव आधी होते. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.