पोरीला विचारून घेतलेलं घर

"पोरीला विचारून सांगतो," एवढं म्हणून डॉक्टर हेल्मेट काखेत धरायचे आणि जिना उतरायला लागायचे. घर दाखवणाऱ्याच्या हातात किल्ली तशीच राहायची.

डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. तलासरीच्या जनावरांच्या दवाखान्यात बदली होऊन आलेले, मूळचे सांगलीकडचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, आणि अंगाला औषधाचा नि गोठ्याचा मिळून एक वास कायमचा चिकटलेला. बरोबर मुलगी होती, सायली, अकरा वर्षांची. बायको आधीच्या बदलीच्या गावी वारली, एवढंच आम्हाला कळलं होतं.

नवीन गावात बिऱ्हाड करणारा माणूस काय बघतो, ते तुम्हीही पाहिलं असेल. पाणी कधी येतं, स्टेशन किती लांब, शेजारी कोण, शाळेची रिक्षा दारापर्यंत येते का. डॉक्टर यातलं काही विचारत नसत. ते दाराशी उभे राहायचे. सायली घरभर फिरायची, खिडकीपाशी थांबायची, मागचं दार उघडून बाहेर डोकवायची आणि परत येऊन मान हलवायची. नाही. का नाही, ते ती सांगायची नाही आणि तेही खोदून विचारायचे नाहीत.

तलासरीला दवाखान्याच्या मागेच सरकारी क्वार्टर रिकामं होतं. चांगलं प्रशस्त, पुढे-मागे अंगण. दारातून आत पाऊलही न टाकता सायली मागे फिरली. मग शेजारच्या डहाणूतली घरं सुरू झाली. स्टेशनजवळचा नव्या बिल्डिंगमधला फ्लॅट, इंग्रजी शाळा अगदी समोर. नाही. समुद्राच्या बाजूला सुरूच्या झाडांत अर्धा बंगला, कुणीही हरखून जावं असा. नाही. शेवटी घरं दाखवणारा दलाल कंटाळला. "साहेब, ताईंना घर नको, महाल पाहिजे," असं म्हणून त्याने त्यांचा फोन घेणं बंद केलं.

आमचं घर डहाणूतच, मल्याणला, मागे चिकूची वाडी. मी गावातल्या एका शाळेत मराठी शिकवते. वरचा मजला रिकामा होता आणि तो द्यायचा की नाही हे सासूबाईंच्या हातात होतं. डॉक्टर आले ती दुपारची वेळ होती. वाडीत बायका चिकू निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्यात कुणाच्या तरी जावयावरून हसणं चाललं होतं. सासूबाई मागच्या ओट्यावर वाल सोलत होत्या. कुंपणापलीकडून हंसाबेन मांजराची तक्रार करत होत्या. "तुमचा मांजर रोज माझा दूध पिऊन जाते," हे वाक्य आम्ही इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की त्या बोलल्या नाहीत तर चुकल्यासारखं वाटायचं.

मी डॉक्टरांना वर घेऊन गेले. सायली आलीच नाही. खाली येऊन पाहतो तर ती ओट्याच्या पायरीवर बसली होती, सासूबाईंपासून हातभर अंतरावर, दोन्ही हात गुडघ्यांभोवती घेऊन.

"हे," ती म्हणाली.

"अगं, वर जाऊन बघ तरी," सासूबाई म्हणाल्या. "मोरीतला नळ गळतो. मागाहून बोल नको."

"गळू दे," सायली म्हणाली.

ते गेल्यावर सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरीला विचारून घर घेतात? उद्या मीठ किती घालू म्हणूनही तिलाच विचारेल हा." पण वरच्या खोल्या त्यांनी त्याच संध्याकाळी झाडून घेतल्या.

घर झालं, शाळा राहिली. डहाणूत शाळांना तोटा नाही. इंग्रजी आहेत, मराठी आहेत, आणि गुजरातीच घाला म्हणून हंसाबेनचा आग्रह होता, "शिकून जाईल, पोरीचा डोका चांगला आहे." डॉक्टर सायलीला घेऊन एकेका शाळेत गेले. एका इंग्रजी शाळेत मुख्याध्यापकांनी तिला पाढे विचारले, धडा वाचायला लावला, शाबासकी दिली आणि म्हणाले, "तुला काही विचारायचंय?"

सायलीने विचारलं, "मधल्या सुट्टीत एकटं बसलं तर चालतं का?"

"छे, छे," ते मनापासून म्हणाले, "आम्ही इथे कुणाला एकटं पडूच देत नाही."

डॉक्टरांनी नमस्कार केला. "पोरीला विचारून कळवतो," म्हणाले. पोर शेजारीच उभी होती.

आमच्या शाळेतही तिने तोच प्रश्न विचारला. तेव्हा मी तिथेच होते. आमच्या मोठ्या बाईंनी चष्मा काढला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चालतं की. वाचनालयाच्या पायरीवर सावली असते, तिथे बस. कंटाळा आला की उठून ये."

सायलीने वडिलांकडे पाहिलं. प्रवेश झाला.

शिक्षकांच्या खोलीत यावर बरीच चर्चा झाली. एवढा मोठा अधिकारी, समोर चांगली इंग्रजी शाळा, आणि एका पायरीसाठी मुलगी इथे घातली. मला स्वतःलाही ते पटलं नव्हतं. मी एकदा डॉक्टरांना म्हणालेही, "मुलांना सगळंच कळत नाही, डॉक्टर. काही गोष्टी मोठ्यांनी ठरवायच्या असतात."

"खरं आहे, बाई," ते म्हणाले. आणि पुढेही सगळं तिला विचारूनच करत राहिले.

रोज सकाळी डबा घेऊन ते मोटारसायकलने तलासरीला जायचे. कधी गुजरातच्या हद्दीवर अच्छाड नाक्याकडे, ट्रकांच्या रांगांमधून वाट काढत, कधी आतल्या पाड्यांवर. संध्याकाळी यायचे तेव्हा भुवयांवर धूळ असायची. सासूबाई त्यांना गुडघा दाखवायच्या. "काकू, मला चार पायांचे पेशंट कळतात," ते म्हणायचे, "दोन पायांवर तुम्ही कशा उभ्या राहता, हेच मला कोडं आहे." सासूबाई हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघा दाखवायच्या.

एकदा शाळेची मुलं घेऊन आम्ही तलासरीकडे गेलो होतो. एका पाड्यावर डॉक्टर दिसले. एक म्हातारी बाई शेळीला धरून उभी होती. त्यांनी सुई भरली आणि म्हणाले, "टोचू का, आजी?"

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "डाक्तर तू का मी?"

"शेळी तुमची आहे ना," ते म्हणाले, आणि तिने मान हलवेपर्यंत थांबले. मुलं हसली. मीही हसले.

त्या वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर, ते ओट्यावर बसले होते. सायली आत सासूबाईंबरोबर मोदकांची भांडी विसळत होती. तिचा आवाज ऐकू येत होता. ती आता आमच्या घरात बोलायला लागली होती. मी सहज म्हणाले, "तिला हे घर का आवडलं, तुम्ही कधी विचारलंत का?"

"विचारायची गरज नव्हती," डॉक्टर म्हणाले.

मग सांगू लागले. आधीच्या बदलीला त्यांना गावाबाहेर क्वार्टर मिळालं होतं. बायको म्हणत होती, बाजारपेठेत एखादी खोली बघू, इथे बोलायला माणूस नाही. "मी म्हणालो, सरकारी जागा असताना खोली कशाला? विषय संपवला. ती मग पुन्हा बोलली नाही. तिला दमा होता, बाई. एका दुपारी धाप लागली. मी लसीकरणाला गेलेलो, फोन लागत नव्हता. सायली नऊ वर्षांची. ती पळत रस्त्यावर आली, हाका मारल्या. रस्त्यावर कोणी नव्हतं. एक घर होतं त्याला कुलूप. ती परत आईजवळ गेली, परत रस्त्यावर आली. मी संध्याकाळी पोचलो."

आत भांड्यांचा आवाज चालू होता.

"इथे दुपारी बायका बोलत असतात," ते म्हणाले. "तिने तेवढंच पाहिलं."

त्यानंतर मी त्यांना मोठ्यांनी काय ठरवावं ते सांगायला गेले नाही.

सायली मोठी झाली. वाचनालयाची पायरी तिने कधी सोडली, ते माझ्या लक्षातही आलं नाही. एक दिवस पाहिलं तर ती चार मुलींच्या घोळक्यात लंगडी घालत होती. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "हो?" केलं आणि चेहरा लपवायला खाली वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं. ते चपला घालून उभे होते.

ती नववी पास झाली आणि डॉक्टरांची बदली आली, पार गडचिरोलीला. ती रद्द करायची धडपड त्यांनी केली, पण जमलं नाही. त्यांनी सायलीला बसवलं. तिथलं गाव, तिथली शाळा, राहायची सोय, सगळं तिच्यापुढे ठेवलं. तिला विचार करायला वेळ दिला. त्या दिवसांत ते वाडीतून उगाच फेऱ्या मारायचे.

सायली आमच्यासमोरच म्हणाली, "बाबा, मी इथेच राहते."

"बरं," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने सासूबाईंकडे वळले. "काकू, ठेवाल का हिला?"

"ठेवायला ती काय सामान आहे?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते म्हणून त्या चिडल्यासारख्या बोलल्या. "माझ्या खोलीत खाट आहे दुसरी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला वाडीत दिसले, चिकूच्या रिकाम्या क्रेटवर बसलेले. मला राहवलं नाही. "आग्रह केला असता तर ती आली असती, डॉक्टर."

"आली असती," ते म्हणाले. "म्हणूनच केला नाही. विचारायचं म्हणजे मिळेल ते उत्तर घ्यावं लागतं, बाई. नाहीतर विचारण्याला काय अर्थ?" हे बोलताना त्यांचा हात क्रेटची एक सुटलेली पट्टी उगाच दाबत होता. ती पुन्हा पुन्हा वर येत होती.

ते गेले. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. दिवाळीला आणि मे महिन्यात यायचे. दहावीच्या परीक्षेला रजा काढून आले आणि रोज पेपर संपेपर्यंत केंद्राच्या फाटकाबाहेर बाकीच्या आईबापांत उभे राहिले. सायली बारावी झाली, इथल्याच कॉलेजात गेली. सासूबाईंचं शेवटच्या दिवसांत सगळं तिने केलं, माझ्यापेक्षाही मायेने. डॉक्टर तेव्हा आले होते, तेराव्यापर्यंत राहिले.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी माझा फोन वाजला. त्यांच्या दवाखान्यातला परिचर बोलत होता. सकाळी एका खेड्यात लसीकरण चालू होतं. डॉक्टर झाडाला टेकून बसले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. माझा चेहरा बघून सायलीने फोन घेतला, ऐकून घेतलं. मग तिने एकच गोष्ट विचारली.

"तेव्हा त्यांच्याजवळ कोणी होतं का?"

फोनमधला आवाज मला ऐकू येत होता. "होतं ना, ताई. अख्खं गाव होतं."

मी तिच्याबरोबर गेले. गाडीत ती म्हणाली, "बाई, मी त्यांच्याबरोबर गेले असते तर?" वाडीतलं ते बोलणं मी तिला तोपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. रडली नाही, पण माझा हात तिने नागपूर येईपर्यंत सोडला नाही.

सांगलीहून सायलीचे काका आले होते. तालुक्याच्या गावीच सगळं उरकलं. परतायच्या आधी सायली म्हणाली, मला ते खेडं बघायचंय. परिचराने जीपमधून नेलं. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली मोकळी जागा होती. बायका-माणसं हळूहळू जमली, पण जवळ कोणी येईना. मग एक पोक्त बाई पुढे आली. त्या दिवशी डॉक्टरांचं डोकं तिच्या मांडीवर होतं, असं परिचराने सांगितलं. तिची भाषा आम्हाला कळत नव्हती, आमची तिला. तिने सायलीच्या गालावरून हात फिरवला आणि ती जागा दाखवली. सायली तिथे थोडा वेळ बसली. गावही बसलं.

निघालो तेव्हा गुरं रानातून परतत होती. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना भात कापलेली शेतं. जीपच्या पुढे, मागे, बाजूला गाई, गोऱ्हे, वासरं. त्यांच्या पायांची धूळ काचेवर बसत होती. परिचराने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. सायलीने खिडकी खाली घेतली. एक एक जनावर तिच्या हाताजवळून जात होतं. शेवटचं लंगडं वासरू पुढे जाईपर्यंत तिने हात आत घेतला नाही.