चाकाला सोडलेली माया

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण माझ्या मापावर चामराजपुरममधल्या अर्ध्या घरांचा विश्वास होता. मी शिंपी. आता डोळ्यांमुळे मशीन बंद आहे, पण त्या वेळी गळ्यातला टेप मी जेवतानासुद्धा काढत नसे. त्याच टेपने मी जावयाच्या गाडीचं चाक मोजलं.

जावयाने जुनी गाडी घेतली होती. पर्यटकांना एच. डी. कोटेकडचं जंगल दाखवायचं, हा त्याचा बेत. त्याच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या व्याह्यांचं, कापडाचं दुकान. मुलाने गल्ल्यावर बसावं ही त्यांची इच्छा. शेवटी ठरलं असं की जावयाने सगळ्यांना टी. नरसीपूरला संगमावर नेऊन आणायचं. प्रवास नीट झाला तर गाडी राहील, नाहीतर विकायची.

गाडीला आधीच्या मालकाने बाहेरून घेतलेली, दिसायला झोकदार अलॉय चाकं बसवली होती. ती मूळच्या चाकांपेक्षा जाड. त्यामुळे चाक ज्यांवर अडकवतात ते स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, आखूड पडायचे आणि नटांना जेमतेम दोन-तीन आटे मिळायचे. पुढच्या डाव्या चाकाचे दोन स्टड तुटलेच. त्या चाकाला सगळेच नवे, लांब स्टड हवे होते. किती लांब, हे दुकानदार विचारत होता.

"मामा, तुम्हीच मोजा," जावई म्हणाला. "तुमच्यासारखं माप कोण घेणार?"

मी मोजलं. चाकाची जाडी, मागच्या तबकडीची जाडी, नटाची खोली. माप अगदी बरोबर आलं. दुकानदाराकडे नेमक्या त्याच लांबीचे स्टड होते, आणि दुसरे सूतभर लांब. मी लांब घेतले.

"इष्टुद्द याके?" एवढे लांब कशाला, म्हणून त्याने कानडीत विचारलं.

"असू दे की. माया असलेली बरी," मी म्हणालो. शाळेच्या गणवेशाला मी आयुष्यभर आतून कापड जास्त सोडत आलो. मूल वाढतं, कापड आटतं, उरलेलं आत दुमडता येतं. लोखंड वाढत नाही, आटत नाही आणि दुमडतही नाही, हे काही मला त्या वेळी सुचलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी जावयाने स्वतः घाम गाळून नट पुन्हा आवळले. गाडीत पुढे जावई आणि व्याही, मागे विहिणबाई आणि मी. शहर मागे पडल्यावर डाव्या बाजूने कट्-कट् आवाज यायला लागला.

"मामा, ऐकलं का?"

"नवा माल आहे," मी म्हणालो. "नवं कापडसुद्धा पहिल्या धुण्यापर्यंत वाजतं."

विहिणबाईंनी मान डोलावली.

थोड्या वेळाने आमच्या डावीकडून एक चाक पुढे गेलं. एकटंच, ऐटीत.

"अय्यो, बघ रे, कुणाचं तरी चाक चाललंय!" व्याही खिडकीतून बोट दाखवत म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आमची गाडी त्यांच्याच बाजूला बसली आणि खरडत जाऊन थांबली. कुणाला काही लागलं नाही. चाक मात्र उतरणीवरून थेट भाताच्या शेतात गेलं. तिथल्या बाईने ते उभं धरलं आणि ओरडून विचारलं, "निम्मदा?" तुमचंच का? तीन चाकांवर तिरकी उभी असलेली दुसरी कुठलीच गाडी त्या रस्त्यावर नव्हती.

व्याही गाडीतून उतरून मुलावरच उखडले. "नट आवळता येत नाहीत आणि निघाला लोकांना वाघ दाखवायला!"

"घट्ट होते, अप्पा. देवाशप्पथ घट्ट होते."

तेवढ्यात माझ्या पायाशी एक नट सापडला. सहज त्यात करंगळी घातली, तर पलीकडे निघाली नाही. खोली मोजली होती, पण बुडाचा विचार केला नव्हता: नट एका बाजूने बंद होता, सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात त्या अंगुस्तानासारखा. लांब स्टडचं टोक त्याच्या बुडाला जाऊन टेकलं, की नट घट्ट होणार. पण चाकाला तो दाबणारच नाही. जन्मभर बोटात अंगुस्तान घालणाऱ्या माणसाला हे तिथे, रस्त्याच्या कडेला कळलं.

व्याही अजून बोलत होते. जावई खाली मान घालून उभा होता. मी नट खिशात टाकला आणि म्हणालो, "ऊन फार झालंय."

गाडी विकली गेली. जावई गल्ल्यावर बसला तो आजही तिथेच आहे.

खरं सांगायला मी कितीदा तरी दुकानात गेलो. मी घसा साफ केला की तो समजतो मामांना कापड हवंय. ठाण उलगडतो, चहा सांगतो, आणि मी शर्टपीस घेऊन परत येतो. कपाट भरलं. बायको विचारते, "मशीन बंद झालं, आता एवढे शर्ट कुणाला शिवणार?"

मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला तो माझ्यासमोरच सांगत होता, "आमच्या मामांचं माप आजवर चुकलं नाही." गिऱ्हाईक गेल्यावर मी धीर करून म्हणालो, "जावईबापू, ते तुमचं चाक..."

"बिडी, मामा, सोडा ते," तो अर्धं कानडीत म्हणत हसला. "चूक माझीच. अजून झोपेत नट आवळत असतो, तुमच्या लेकीला विचारा. हा निळा बघा, तुम्हाला शोभेल."

मी निळा घेतला. पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं: जावईबापू, नट तुम्ही बरोबर आवळले होते, मापावर माया सोडली ती माझी चूक, अप्पांसमोर मी गप्प बसलो, मला माफ करा.