मे महिन्यात ठरवलेली शाळा

मालवण बंदरातून सुटणारी त्या मोसमातली ती शेवटची बोट होती. किनाऱ्यापासून बोटीपर्यंत पडावाने जायचं, आणि पडाव असा काही डुलत होता की सकाळी खाल्लेली पेज माझ्या घशाशी आली. बाबा धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उभे होते. आये वाळूवरच थांबली होती आणि तिच्या कडेवर माझी धाकटी बहीण शाली भोकाड पसरून रडत होती. शाली पाच वर्षांची, मी तेरा. गावची शाळा देवळाच्या पडवीत भरायची आणि चौथीला संपायची. पुढे शिकायचं तर मुंबईला मामाकडे जायचं, एवढंच मला ठाऊक. बाबा म्हणाले, "शिकान मोठी हो, पण शालीक इसरू नको." त्यावर मी पडावातून काय ओरडावं? "शाले, रडू नको गो! तुका मी शाळा घेवन येतंय!" जसं काही शाळा म्हणजे मुंबईहून आणायचा खाऊ!

पडावातले लोक हसले. मी नाही हसले, मी अगदी मनापासून बोलले होते.

ही स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. गावाकडे राहिलात त्या तुम्हाला, आणि माझ्यासारख्या मुंबईत येऊन इथल्याच झालात त्या तुम्हालाही ती सांगावी असं फार दिवस मनात आहे. सांगायला लाज वाटते, म्हणून राहून गेलं.

मामाच्या परळच्या खोलीत आम्ही सात माणसं. मी नळावर नंबर लावायला शिकले, रेशनच्या रांगेत भांडायला शिकले, 'माका-तुका' ओठांतच गिळून 'मला-तुला' म्हणायला शिकले. मॅट्रिक झाले, ट्रेनिंग कॉलेज केलं आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण झाले. गावाला जायचं ते मे महिन्यात. तेव्हा सुट्टी असायची आणि बोटही चालू असायची. पावसाळ्यात बोट बंद, त्यामुळे जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत गाव आमच्यासाठी जणू नकाशावरच नसायचं. आंबे, फणस, करवंदं, कोरडी ठणठणीत वाट, हेच आमचं गाव. आम्ही सगळे चाकरमानी असेच, मे महिन्याचे गावकरी.

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळींनी तेव्हा गावाच्या नावाने एक शिक्षण ट्रस्ट काढला होता. सभा गावकऱ्यांच्या खोलीत व्हायची. गिरणीत पाळी करणारी बिऱ्हाडाशिवायची माणसं तिथे राहायची. भिंतीशी वळकट्या रचलेल्या, आणि आम्ही चटईवर. ट्रस्टवर बाई अशी मी एकटीच. मास्तरीण म्हणून मला घेतलेलं, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन, आणि मला त्या वजनाची भलतीच हौस! गावात सातवीपर्यंतची शाळा बांधायची असं ठरलं, तेव्हा मी जागच्या जागी रडले. शाली चौथी होऊन दोन वर्षं घरात बसली होती. आत्याने देवगडकडचं एक स्थळ तिच्यासाठी आणून ठेवलं होतं. आयेचं म्हणणं, वाढतं वयाचं चेडू, मुलगी माणूस, घरात बसून काय करणार? बाबांनी मात्र आत्याला थोपवून धरलं होतं. "शाळा येतली म्हणता कमळ. वायच थांबया," असं ते म्हणत. कमळ म्हणजे मी.

त्या मे महिन्यात आम्ही पाच जण जागा बघायला गावी गेलो. व्हाळापलीकडचा सडा मला बघताक्षणी आवडला. व्हाळ म्हणजे आमच्या वाडीच्या कडेने वाहणारा ओढा. सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळाच्या माळावर, मोकळा वारा, समोर समुद्र, आणि जागेचे मालक जमीन फुकट द्यायला तयार. शाली माझ्याबरोबर होती. व्हाळाच्या कोरड्या गोट्यांवरून आम्ही दोघी उड्या मारत पलीकडे गेलो. मी म्हटलं, "हीच जागा!"

संध्याकाळी बाबा म्हणाले, "जागो बरो आसा. पण आधी देवीक कौल लावा."

कौल तुम्हाला माहीत आहे. गाव देवळात जमतं, गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी कळी पडते की डावी ते बघायचं. मी नाक वर करून म्हटलं, "बाबा, शाळा कुठे बांधायची ते आता कळ्या ठरवणार? मग आम्ही शिकलो कशाला?" मंडळींनी माना डोलावल्या. बाबा म्हणाले, "कळयेचा नाय गो. गाव जमता ना थंय." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांना नीट समजावून सांगता येत नव्हतं आणि मला ऐकून घ्यायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी शाळा उभी राहिली. जांभ्या चिऱ्याची, वर लाल कौलं, दारात पितळी घंटा. उद्घाटन अर्थातच मे महिन्यात. भाषण मी केलं आणि टाळ्याही भरपूर घेतल्या.

जुलैत शालीचं कार्ड आलं. तिने लिहिलं होतं, "शाळा बरी आसा. पण शाळा त्या तडीक आणि आमी ह्या तडीक."

एवढंच. मी ते कार्ड दोनदा वाचलं. तड म्हणजे व्हाळाचा काठ. अहो, मी त्याच वाडीत तेरा पावसाळे काढलेले! व्हाळाचा घोंघावणारा आवाज ऐकत झोपले होते मी! पावसात व्हाळाला पूर यायचा, आये आम्हाला तिकडे फिरकूही द्यायची नाही. ते सगळं मला माहीत होतं आणि मी ते विसरले होते. न कळणं वेगळं, पण कळत असलेलं विसरणं? त्याला कोणत्या तोंडाने माफी मागायची?

रजा टाकून निघाले. बोट बंद, म्हणून आगगाडीने कोल्हापूर, तिथून एस.टी.ने घाट उतरून कसाल, कसालहून मालवणची गाडी, आणि शेवटी चिखलातून पायी. इतक्या वर्षांनी पावसातलं गाव बघत होते. एवढं हिरवं असतं हे कुणी मला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

घरी शाली नव्हती. आये म्हणाली, "व्हाळार गेलीहा. रोज जाता."

ती काठावर दगडावर बसली होती, डोक्यावर इरलं, मांडीवर पुस्तक. समोर तांबडं पाणी दोन पुरुष उंचीने धावत होतं. मी तिच्या बाजूला उभी राहिले तरी तिला कळलं नाही. पलीकडून घंटा ऐकू आली तशी तिने पुस्तक मिटलं आणि दुसरं काढलं. मग मला बघून म्हणाली, "बाय, तू? पावसात? बस. आता गणिताचो तास लागलो."

मी तिथे चिखलात बसकण मारली आणि ढसाढसा रडले. शाली बिचारी माझीच समजूत घालायला लागली. म्हणाली, "घंटा आयकाक येता ना. मी तासाप्रमाणे वाचतंय." दोन कोसांचा वळसा घालून पलीकडे जायला वाट होती, पण त्या चिखलात रोज कोण मुलगी पाठवणार? आमच्या वाडीचं आणि खालच्या मच्छीमारवाडीचं एकही पोर जूनपासून शाळेत गेलं नव्हतं. शाळा अर्ध्या गावाची झाली होती, आणि ती मी केली होती. वर बाबांनी आत्याला शब्द दिलेला. गणपतीपर्यंत शालीची शाळा मार्गी लागली नाही तर स्थळाला होकार.

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "कौल लावूया."

त्यांनी छत्री घेतली आणि घरोघर सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी देवळात अख्खं गाव जमलं. मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी आहे, जागा मी ठरवली, आणि तुम्हाला विचारलं नाही. कुणी टोचून बोललं नाही. तेच जास्त लागलं. गुरवाने कळ्या लावल्या. पण गाऱ्हाणं घालण्याआधी देवीला नेमकं विचारायचं काय, यावर बोलणं सुरू झालं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कौल म्हणजे हे! ज्याला जे माहीत ते तो तिथे बोलतो. शाळा हलवायची का, होडी ठेवायची का, एक ना दोन, सगळं निघालं. शेवटी काशी म्हातारी, जी उभ्या जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती, खांबाला टेकून म्हणाली, "अरे, वर दोन कातळांच्या मधी व्हाळ चिंचोळो आसा. मी थंय गुरां सोधूक जातंय. दोन माड आडवे घाला, साकव झालो!"

आम्ही जागा बघायला आलो त्या मे महिन्यातही ही म्हातारी इथेच होती, याच देवळाच्या मागच्या घरात. तिला विचारायला कोणी गेलं नव्हतं.

मग गाऱ्हाणं झालं, त्यावर गावाचं "व्हय म्हाराजा" झालं आणि देवीने उजवी कळी दिली. खरं सांगू? डावी पडली असती तरी लोकांनी माड तोडायला सुरुवात केलीच असती.

पावसाने उघडीप दिली त्या चार दिवसांत साकव झाला. मुंबईचं त्यात काही नव्हतं, मी फक्त माणसांना चहा दिला. गणपतीला आठ दिवस असताना शाली त्यावरून पलीकडे गेली. बाबा तिच्या मागे, आणि मी अलीकडेच, डोळे मिटून. आत्या फुगून बसली ती दिवाळीपर्यंत. शालीचं ते वर्ष मात्र फुकट गेलंच, पाचवी तिला पुन्हा करावी लागली. पुन्हा वर्गात बसताना तिला किती वाईट वाटलं हे तिने मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पुढे ती सातवी झाली, ट्रेनिंग घेऊन आली, आणि आता त्याच शाळेत मुलांना गणित शिकवते.

आमचा ट्रस्ट आता सभा गावात घेतो, देवळात, आणि श्रावणात. गेल्या श्रावणात वाचनालयाच्या जागेचा विषय निघाला. मला वाटलं, बाजारपेठेत असावं. मी उठले आणि माझ्या शहरी मराठीत मुद्देसूद बोलू लागले. तर बायकांच्या घोळक्यातून शालीबाई उभ्या राहिल्या. गावभराच्या देखत म्हणाल्या, "बाय, तुका हंयचा काय म्हायत? तू आता पावणी. गप बस आणि आयक!"

देऊळ हसलं. माझा चेहरा तापला. घाव बसला हो, खोटं कशाला बोलू? ज्या गावासाठी इतकं केलं तिथे आपण पाहुणी! पण परळात इतकी वर्षं काढली, कुणी मला असं चारचौघांत 'गप बस' म्हटलं नाही. तिथे मी बाई, सगळे मान देतात. परक्याला कोण गप बसवतो? त्याला ऐकून घेतात आणि मनात हसतात.

मी बोलणं थांबवलं. बायकांत कोणीतरी कोणाला तरी म्हणालं, "सरक गो वायच, कमळाक जागा दी." त्या सरकल्या. मी जमिनीवर त्यांच्यात बसले, आणि शाली काय सांगते ते ऐकायला लागले.