दोन गावांचा एक ठराव

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा हातात आहे, तर सांगूनच टाकतो. लोक दुसऱ्यानं खणलेल्या खड्ड्यात पडतात. मी स्वतः खणला, वर सुवाच्य अक्षरात पाटीही लावली.

आमचं गाव मेडशीच्या पुढं, वाशीम जिल्ह्याच्या टोकाला. मध्ये घोटाभर पाण्याचा नाला. पलीकडचं गाव अकोला जिल्ह्यात. तिथे माझी थोरली बहीण, ताई. घर ते घर दहा मिनिटं.

कोरोनाच्या साली आमच्याकडे दुकानं अकराला बंद, पलीकडे दोनला. आमची माणसं तंबाखूसाठी तिकडे, त्यांची दळणासाठी इकडे. रोगाला काय, जिल्हा कळतो? मग दोन्ही ग्रामपंचायतींनी ठरवलं, दोन्हीकडे शब्दाला शब्द एकच ठराव करायचा. लिहिणार कोण? रिटायर गुरुजी. म्हणजे मी! पस्तीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घातलं, आता दोन जिल्ह्यांना घालायचं होतं. छाती अशी फुगली म्हणून सांगू!

अकरा कलमं लिहिली. कलम एक: नाला कोणीही ओलांडणार नाही. कलम सात: कोणाला सवलत द्यायची असेल, तर दोन्ही गावांच्या समित्यांनी एका जागी बसून एकाच रजिस्टरवर सह्या कराव्यात.

टाळ्या पडल्या. नाल्याच्या काठावर बोर्ड लावून मीच खडूनं त्यावर ठराव लिहिला. मी ताईला फोनवर सगळं वाचून दाखवलं.

"बापू, नाला ओलांडाचा नाही, मंग तुमी एका जागी बसान कसे?"

"ताई, तू चौथी शिकली. तुले कायद्यातलं नाही समजत."

"बरं बाप्पा," म्हणून ती हसली.

पहिला अर्ज आला किसनरावांचा. त्यांची मुलगी पलीकडे बाळंत झाली होती, नातू पाहायचा होता. समित्या जमल्या. पाच जण या काठावर, पाच त्या काठावर! मी ओरडून अर्ज वाचला. तिकडून सरपंच ओरडले, "मंजूर! पन सह्या कशा करता?"

रजिस्टर पिशवीत घातलं, दगड बांधला, फेकलं. पडलं कुठे? नाल्याच्या मधोमध! कलम एकमुळे ते काढायलाही कोणी उतरेना.

"राहू द्या गुरुजी," किसनराव म्हणाले, "नातू चालाले लागला का तोच येईन इकडे."

सगळे हसले. मी नव्या रजिस्टरवर रेघा मारायला बसलो.

आणि पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला. "मामा, मायची शुगर लय वाढली. दवाखान्यातून घरी आनलं, पन तुमची आठोन करून राह्यली. येता का?"

तुम्ही काय केलं असतं? चपला घातल्या असत्या. मी अर्ज लिहिला! अर्जदार मी, समितीचा सचिव मी. स्वतःचा अर्ज स्वतःच स्वीकारला, शिक्का मारला आणि भाच्याला कळवलं, "गुरुवारी मीटिंग आहे."

ताई बुधवारी गेली.

आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते भावानं न्यायचं असतं. मी लुगडं घेऊन नाल्याच्या काठावर उभा राहिलो. खरं सांगतो, तेव्हाही मनात कलम सातच होतं. पाय उचलेना.

मागून किसनरावांनी दंड धरला. "चाला गुरुजी, खालच्या अंगानं."

"तिकडून वाट आहे?"

"आता तुमाले काय सांगू! रोजच जातो आमी. नातू पाह्यला मी त्याच दिवशी."

बाभळींच्या आडून खाली गेलो. वाट कसली, चांगली बैलगाडी जाईल एवढी मळलेली! दोन्ही गावं महिनाभर तिच्यावरून ये-जा करत होती. कोणी मला सांगितलं नाही. गुरुजींना वाईट वाटेल म्हणून.

लुगडं पांघरलं. ताईचा चेहरा शांत होता. मी भाच्याला म्हणालो, "अरे, एवढी वाट होती, तर तिलाच गाडीवर बसवून आणायचं होतंस माझ्याकडे."

तो रडत रडत म्हणाला, "तिले म्हटलं ना मामा! दोनदा गाडी काढली. माय बसलीच नाही. म्हने, माह्या भावानं लिवलं हाये ते. बहीनच मोडन, तं दुसरं कोन पाळन?"

बोर्ड नंतर पावसानं पुसला. पण हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही. दोन गावांत मिळून तो ठराव फक्त दोघांनी पाळला. एक मी, लिहिणारा शहाणा. आणि दुसरी, जिला कायद्यातलं काही समजत नव्हतं.

घ्या, चहा घ्या. माझा तर गार झाला.